कॉलची किंमत

पत्त्यांच्या खेळांवरचे प्रश्न मागवले, तेव्हा ब्रिज आणि रमीच्या पत्रांचा ढीग पडेल असे वाटले होते. प्रत्यक्षात सर्वाधिक पत्रे पोकरची आली, आणि त्यांतही बहुतेकांची अडचण एकाच जागी आहे : समोरच्याने बेट, म्हणजे डावावर रक्कम, लावली तर कॉल करायचा (तेवढीच रक्कम आपणही द्यायची) की पाने टाकायची, आणि आपली पाने बरी असली तर आपण होऊन बेट लावायची की गप्प बसून पाहायचे (यालाच चेक म्हणतात). पोकर न खेळणाऱ्या वाचकांसाठी एवढे सांगणे पुरेसे आहे, की टेक्सास होल्डेम या प्रकारात प्रत्येकाला दोन पाने मिळतात, टेबलावर आधी फ्लॉपची तीन, मग टर्नचे एक आणि शेवटी रिव्हरचे एक अशी पाच सामाईक पाने उघडत जातात, आणि दर टप्प्याला बोली होते. डावाआधी दोघांनी सक्तीने भरायच्या ठरावीक रकमा म्हणजे ब्लाइंड, आणि समोरच्याच्या बेटहून मोठी रक्कम लावणे म्हणजे रेझ. ज्याची पाच पानांची जुळणी सर्वांत वरची, किंवा ज्याने बाकीच्या सगळ्यांना पाने टाकायला लावली, त्याचा पॉट, म्हणजे मध्ये जमलेली सगळी रक्कम.

प्रश्न : मी बँकेतून निवृत्त झाले असून दादरला राहते आणि नियमित ब्रिज खेळते. माझा भाचा मँचेस्टरला नोकरी करतो आणि तेथे परवानगी असलेल्या एका ऑनलाइन टेबलावर, ५ आणि १० पेन्सच्या ब्लाइंडवर, पोकर खेळतो. रविवारी तो मला फोनवर डाव सांगतो आणि आमचा वाद होतो. परवाचा डाव असा : त्याच्याकडे इस्पिक एक्का आणि चौकट राजा. त्याने ३० पेन्स केले, एकाने कॉल केला, पॉट ६५ झाला. फ्लॉप किलवर राजा, बदाम नव्वी, बदाम चौकी. भाच्याने ४० लावले, कॉल आला. टर्नला चौकट छक्की; त्याने ९० लावले, पुन्हा कॉल. रिव्हरला बदाम दुर्री पडली आणि तोवर मुकाट्याने कॉल करत आलेल्या त्या खेळाडूने आपण होऊन २५० पेन्स लावले. भाचा म्हणतो, वरची जोडी आणि एक्का असताना टाकणे हा भित्रेपणा. मी म्हणते, टाकायला हवे होते. त्याने कॉल केला आणि हरला, पण एका डावात हरल्याने त्याची चूक सिद्ध होत नाही, हे मला कळते. मग ती कशी ठरवायची?

उत्तर : आपले शेवटचे वाक्य मला फार आवडले, कारण पोकर खेळणारे बहुसंख्य लोक नेमके तेच विसरतात. निर्णयाचा कस लागतो तो पाने उघडण्याच्या आधी हाती असलेल्या माहितीवर, आणि त्या माहितीचा हिशेब आपल्याला बँकेच्या सवयीने सहज करता येईल.

आधी किंमत पाहू. रिव्हरला पॉट ३२५ पेन्स होता, त्यात समोरून २५० आले. भाच्याने कॉल केला तर एकूण ८२५ होतात आणि त्यांतले २५० त्याचे स्वतःचे. २५० भागिले ८२५ म्हणजे सुमारे ३० टक्के. अशा प्रसंगी शंभरांतून तीस वेळा त्याचा हात वर ठरला तर त्याची बरोबरी होते. त्याहून जास्त ठरला तर कॉल फायद्याचा, कमी ठरला तर तोट्याचा. भाच्याला खात्री असण्याची गरजच नव्हती. त्याला तीनांतून एकदा जिंकण्याइतकी आशा हवी होती. ती होती का, एवढाच आपल्या वादाचा विषय आहे.

आता ब्रिजमध्ये आपण न दिसणाऱ्या हातांची वाटणी मोजता, तसेच येथे मोजू. भाच्याच्या हातात एक राजा आहे आणि टेबलावर एक, म्हणजे गड्डीत दोनच उरले : इस्पिकचा आणि बदामचा. राजा-राणी, राजा-गुलाम आणि राजा-दश्शी हे भाच्याहून कमी दर्जाचे हात, दोन राजे गुणिले प्रत्येकी चार जोडीदार या हिशेबाने, २४ प्रकारे जमू शकतात. त्यांतले बदामाचे तीन तर फ्लशच (एकाच रंगाची पाच पाने) झाले, म्हणून उरले २१. दुसऱ्या बाजूला, दोन बदाम घेऊन फ्लॉप आणि टर्न कॉल करणारे आणि रिव्हरला फ्लश पूर्ण झालेले हात : सगळे धरले तर ४५ होतात, पण कोणीही बदामाची कसलीही दोन पाने खेळत नाही, म्हणून ढोबळ २० धरू. त्यांत नव्वीच्या किंवा चौकीच्या तिकडीचे सहा मिळवले की भाच्याला हरवणारे २६ हात होतात. कॉल परवडायचा तर या २६ हातांच्या जोडीला भाच्याहून कमजोर असे किमान बारा हात असायला हवेत, ज्यांनी ही बेट लावली असती. म्हणजेच त्या खेळाडूने आपल्या २१ कमजोर राजांपैकी निम्म्याहून अधिक राजे, तिसरे बदाम पडल्यानंतर, आपण होऊन एवढ्या मोठ्या रकमेने पुढे केले असते असे मानावे लागते.

दहा पेन्सच्या टेबलावर कोणी तसे करत नाही. राजा-गुलामवाला खेळाडू तिसरे बदाम पाहून चेक करतो आणि भाच्याने लावले तर कुरकुरत कॉल करतो. लहान टेबलांचा स्वभावच असा आहे, की तेथे लोक कॉल सढळ हाताने करतात, पण बेट आणि रेझ मात्र पाने झाल्याशिवाय करत नाहीत. दोन टप्पे मुकाट्याने कॉल करत आलेला माणूस रिव्हरला एकाएकी पॉटच्या तीन चतुर्थांश रक्कम घेऊन उभा राहिला, तर त्याच्यावर विश्वास ठेवणे हेच स्वस्त पडते. शिवाय खेळ चालवणारी कंपनी दर पॉटमधून कपात घेते. समजा ती पाच टक्के आहे, तर ८२५ ऐवजी सुमारे ७८४ हाती येतात आणि तीस टक्क्यांची गरज जवळजवळ बत्तीसवर जाते. काठावरचा कॉल या कपातीने तोट्यात जातो, हे लहान टेबलांवर खेळणाऱ्यांच्या लक्षातच येत नाही.

तेव्हा वादात आपली बाजू बरोबर आहे. पण भाच्याचीही थोडी बाजू घेतो. रिव्हरला बदाम दुर्रीऐवजी इस्पिक दुर्री पडली असती, तर बदामाचे तेच वीस हात हुकलेले असते. त्यांतल्या काहींनी तरी वैतागून थाप मारून पाहिली असती, आणि समोरचा खेळाडू दर तिसऱ्या डावाला बेट लावणारा असता, तर कॉल करणेच योग्य ठरले असते. पाने तीच, बेट तीच, आणि निर्णय उलटा. भाच्याला पुढच्या रविवारी विचारा, की त्या खेळाडूने त्याआधीच्या तासाभरात आपण होऊन किती वेळा मोठी बेट लावली होती. उत्तर त्याला आठवत नसेल, तर तो एक्का-राजाकडे पाहत बसला होता, खेळाडूकडे त्याचे लक्ष नव्हते, असे म्हणावे लागेल.

प्रश्न : अंधेरीला राहतो. पूर्वी एका देशी अॅपवर लहान रकमांचा पोकर खेळत असे. ते बंद झाले. आता एका ओळखीच्याने परदेशी साइटची लिंक दिली आहे, तेथे यूपीआयने पैसे भरता येतात असे तो सांगतो. तेथे खेळावे का? नाहीतर आम्ही मित्र मोफत चिप्सवर खेळून महिनाअखेर हिशेब आपसांत मिटवू शकतो का?

उत्तर : दोन्ही करू नका. २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची मंजुरी मिळालेल्या केंद्रीय कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली आहे, आणि खेळ कौशल्याचा की नशिबाचा हा जुना वाद त्या कायद्याने अप्रस्तुत ठरवला आहे. खेळ पुरवणारे, त्याची जाहिरात करणारे आणि त्यासाठी पैशांची ने-आण करून देणारे यांच्यासाठी त्यात शिक्षा आहेत. त्यामुळे परदेशी साइटवर अडकलेले पैसे परत मागायला आपण कोणाच्या दारात जाणार, याचाही विचार करा. दुसऱ्या योजनेत, चिप्सचे महिनाअखेर रुपये होणार असतील तर त्या चिप्स मोफत राहत नाहीत. शिवाय मुंबईत १८८७ सालापासूनचा जुगार प्रतिबंधक कायदा आहेच. निव्वळ मोफत चिप्सवर, ज्यांचे पुढे कधीही पैसे होणार नाहीत, अवश्य खेळा. या सदरात येथील वाचकांच्या डावांची चर्चा मी त्याच मर्यादेत करतो.

प्रश्न : परळला राहणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. आम्ही मित्र मोफत चिप्सवर ऑनलाइन खेळतो, ब्लाइंड ५ आणि १०. माझ्याकडे किलवर गुलाम-दश्शी होती. फ्लॉपला चौकट एक्का, किलवर सत्ती, किलवर दुर्री. पॉट १२०, मित्राने पूर्ण १२० लावले. मी वाचले आहे, की अशा वेळी फ्लश होण्याची शक्यता ३५ टक्के असते आणि पॉटएवढ्या बेटला ३३ टक्के लागतात, म्हणून कॉल केला. टर्नला काही आले नाही, त्याने पुन्हा पॉटएवढी बेट लावली, मला पाने टाकावी लागली. गणित बरोबर असून मी सतत चिप्स गमावतो. कुठे चुकते?

उत्तर : दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते एकमेकांसमोर ठेवायचे नव्हते. ३५ टक्के ही टर्न आणि रिव्हर ही दोन्ही पाने पाहायला मिळाली तर फ्लश होण्याची शक्यता आहे. आपण मात्र १२० देऊन एकच पान विकत घेतले. दुसऱ्यासाठी मित्राने पुन्हा दाम मागितला आणि आपण तो दिला नाही. न दिसलेली पाने ४७, त्यांत किलवर ९, म्हणजे त्या एका पानाची शक्यता १९ टक्क्यांच्या आसपास. लागणार होते ३३, मिळाले १९. फ्लॉपवरच सगळ्या चिप्स आत गेल्या असत्या, पुढे काहीच द्यायचे उरले नसते, तरच ३५ चा आकडा वापरता आला असता. मनात झटपट हिशेब करण्यासाठी उपयोगी पडणाऱ्या पानांची संख्या दोनाने गुणली की एका पानाची शक्यता साधारण मिळते आणि चाराने गुणली की दोन पानांची. कोणत्या प्रसंगी दोन आणि कोणत्या प्रसंगी चार, हे मात्र कोणी नीट सांगत नाही आणि आपल्यासारख्यांचे नुकसान तिथेच होते.

तरीही एवढ्यावरून पाने टाकावीत असे मी लगेच म्हणणार नाही, कारण फ्लश झाल्यावर पुढच्या टप्प्यांत मित्र आणखी किती देईल हेही हिशेबात धरावे लागते. ते किती असायला हवे, हे काढता येते. किलवर न येण्याच्या ३८ पानांना येण्याची ९ पाने, म्हणजे एकास सव्वाचारहून किंचित कमी. १२० चिप्स धोक्यात घातल्या तर जिंकल्यावर ५०७ च्या आसपास मिळायला हव्यात. पॉटमध्ये आहेत २४०. म्हणून उरलेल्या सुमारे २६७ चिप्स पुढच्या दोन टप्प्यांत सरासरीने वसूल व्हायला हव्यात. तिसरे किलवर पडताच घाबरून गप्प बसणाऱ्या मित्राकडून त्या निघत नाहीत. आता मित्राने १२० ऐवजी ६० लावले असते असे धरा : तेव्हा लागणारी वसुली केवळ ७३ वर येते, आणि ती जवळजवळ कोणाकडूनही होते. ३० लावले असते तर पुढे काहीही न मिळताही कॉल परवडला असता, कारण तेथे लागतात सुमारे १७ टक्के आणि आपल्याकडे आहेत १९. फ्लश ड्रॉवर (फ्लशला एक पान कमी असताना) कॉल करावा का, या प्रश्नाला बेटचा आकार कळल्याशिवाय उत्तर नसते.

आपल्या पानांबद्दल आणखी एक शंका मला आहे. गुलामाचा फ्लश हा सर्वांत वरचा नव्हे. किलवरचे एक्का, राजा आणि राणी बाहेर आहेत. पाच-सहा जण फ्लॉप पाहत असतील, आणि मित्रांच्या टेबलावर ते पाहतातच, तर आपला फ्लश होऊनही दुसऱ्याचा मोठा निघण्याचा धोका राहतो, आणि अशा वेळी एका टप्प्यावर बसणारा फटका दहा कॉलच्या बचतीएवढा असतो. त्याच जागी आपल्याकडे किलवर एक्का असता तर मी अर्ध्या पॉटच्या बेटला डोळे मिटून कॉल करायला सांगितले असते, कारण मोफत चिप्सवर लोक फ्लश दिसत असूनही शेवटपर्यंत चिप्स देत राहतात.

प्रश्न : गिरगावात राहतो, दिवाळीत तीन पत्ती खेळत मोठा झालो, आता मित्रमंडळींसोबत मोफत चिप्सवर पोकर. माझी अडचण कॉलची नाही, बेटची आहे. परवा माझ्याकडे एक्का-राणी होती. १० च्या ब्लाइंडवर ३० केले, तिघे आत आले, पॉट १२५. फ्लॉप राणी, अठ्ठी, तिर्री, तिन्ही वेगवेगळ्या रंगांची. सापळा लावावा म्हणून चेक केले, सगळ्यांनी चेक केले. टर्नला सत्ती, मी ४० लावले, दोघांनी कॉल केला. रिव्हरला नव्वी पडली, एकाने २०० लावले, मी कॉल केला, तर त्याच्याकडे गुलाम-दश्शीचा स्ट्रेट (ओळीने पाच पाने). चांगली पाने असताना बेट लावली की सगळे पळतात आणि न लावली की कोणीतरी वर चढतो. करायचे काय? आणि थाप मारायला कधी सुरुवात करायची?

उत्तर : सगळे पळतात, ही आपली समजूत आपल्याच पत्राने खोडून निघते : टर्नला ४० लावले तेव्हा दोघांनी कॉल केला. ज्या टेबलावर तीस देऊन तिघे आत येतात, तेथे फ्लॉपवर राणी-गुलाम, राणी-दश्शी, अठ्ठीची जोडी, हातातल्या नव्व्या किंवा दश्शा घेऊन बसलेला कोणी ना कोणी ८० चिप्स देतोच. हे सर्व हात आपल्याहून कमी आहेत आणि त्यांच्याकडून दाम घेण्याची हीच वेळ आहे. फ्लॉपवर ८० लावून दोघांनी कॉल केला असता तर टर्नला पॉट ३६५ चा झाला असता. तो १२५ चाच राहिला. सापळा लावणे शोभते ते समोरचा स्वतः बेट लावणारा असेल तर. ज्या मंडळींची एकमेव आवड कॉल करण्याची आहे, त्यांच्यासमोर चेक करणे म्हणजे मंडईत गिऱ्हाईक पिशवी उघडून उभे असताना भाव न सांगणे.

गुलाम-दश्शीवाल्याची बाजू पाहा. फ्लॉपवर त्याला नव्वीच हवी होती, म्हणजे ४७ पानांत चार, साडेआठ टक्के. आपण ८० लावले असते तर त्याला कॉलसाठी २८ टक्क्यांची गरज पडली असती. तरीही त्याने कॉल केला असता तर उत्तम. त्याचा प्रत्येक असा कॉल दीर्घकाळात आपल्याकडे चिप्स आणतो, एखाद्या वेळी नव्वी आली तरी. प्रत्यक्षात त्याला एक पान फुकट आणि दुसरे ४० मध्ये मिळाले. रिव्हरचा आपला कॉलही महागाचा होता : २०० देऊन ६४५ चा पॉट, म्हणजे ३१ टक्के लागतात, आणि एवढा वेळ गप्प असलेला माणूस नव्वी पडताच २०० लावतो तेव्हा एका जोडीला तेवढी आशा धरता येत नाही. पण खरे नुकसान फ्लॉपवर झाले होते.

बेट लावताना स्वतःला एकच विचारा : माझ्याहून कमी दर्जाचे कोणते हात या रकमेला कॉल करतील? दोन-तीन नावे चटकन सुचली तर लावा, आणि त्यांना परवडेल तेवढी मोठी लावा. रिव्हरला आपली पाळी शेवटची असेल आणि समोरच्याने चेक केले असेल, तर कसोटी आणखी नेमकी होते : आपली बेट कॉल करणाऱ्या हातांपैकी निम्म्याहून अधिक हात आपल्याहून कमी असतील तर बेट फायद्याची. निम्मे का, तर तेथे पॉट दोन्ही वाटांनी सारखाच उघडणार असतो. पणाला लागते ती केवळ नवी रक्कम. जिंकण्याची आशा साठ टक्के आहे असे मनात धरून लोक चेक करतात आणि पाने उघडल्यावर आपणच वर होतो म्हणून खूश होतात. कॉल करणाऱ्याने दिल्या असत्या त्या चिप्स त्यांना दिसतच नाहीत. बेट लावल्यावर मात्र एखाद्या शांत खेळाडूने टर्नला किंवा रिव्हरला रेझ केले, तर हात आवरता घ्या. लहान टेबलांवर तेथे एका जोडीची किंमत फारच थोडी उरते.

थापेबद्दल विचारलेत. अर्ध्या पॉटची थाप तीनांतून एकदा तरी चालली पाहिजे, पूर्ण पॉटची दोनांतून एकदा. त्याहून कमी चालली तर ती तोट्याची, कितीही शिताफीने मारलेली असो. आपल्या टेबलावर दोघे-तिघे समोर असताना एवढ्या वेळा सर्वांनी पाने टाकणे मला शक्य दिसत नाही. त्याचे कारण आपल्या पत्रातच सापडते : आपण तीन पत्तीवर वाढलात, आणि आपले मित्रही बहुधा तसेच. तीन पत्तीत दोघेच उरले की दाम देऊन शो मागायचा, हा रिवाज आहे आणि शोचा दाम चालू चालीच्या हिशेबाने ठरतो. पोकरमध्ये रिव्हरचा कॉल हाच शो, फरक इतकाच की त्याची किंमत समोरचा ठरवतो, आणि ती दहा चिप्स असो की चारशे, तीन पत्तीच्या सवयीचा माणूस पाहिल्याशिवाय राहत नाही. अशा माणसाला थाप मारून हलवता येत नाही. त्याच्या कुतूहलाचा दाम चांगली पाने हाती असताना वाढवून घ्यायचा. एक अपवाद सांगतो. आपण फ्लॉपआधी रेझ केले आहे, समोर एकच जण आहे आणि फ्लॉप राजा, सत्ती, दुर्री असा कोरडा पडला आहे, तर तृतीयांश पॉटची लहान बेट काहीही नसताना लावून पाहायला हरकत नाही. जोडी नसलेली दोन पाने घेऊन बसलेल्याला फ्लॉपवर साधारण तीनांतून एकदाच काहीतरी जुळते, आणि एवढ्या लहान बेटला चारांतून एकदा यश पुरते. कॉल आला तर पुढे थांबावे.

प्रश्न : घाटकोपर. हातात दोन एक्के आले की मी हरतो. अॅप मुद्दाम असे करते का? मी तर ते कोणाला कळू नये म्हणून फक्त दहाचा कॉल करून आत जातो.

उत्तर : आपल्या दुसऱ्या वाक्याचे उत्तर तिसऱ्यात आहे. दोन एक्के एका अनोळखी हातासमोर शंभरांतून सुमारे ८५ वेळा जिंकतात. समोर पाच जण शेवटपर्यंत राहिले तर निम्म्या वेळाच. दहा चिप्समध्ये सर्वांना आत बोलावून आपण स्वतःच ते पाच जण जमवता. सहा जणांत निम्म्या वेळा जिंकणे गणिताने वाईट नाही हे मान्य, पण फ्लॉपनंतर त्या गर्दीत एक्क्यांच्या जोडीवर कोणाची बेट खरी आणि कोणाची खोटी हे ओळखणे भल्याभल्यांना जमत नाही. ब्लाइंडच्या तिप्पट-चौपट करा आणि आधी कोणी कॉल करून आत आलेला असेल तर दर माणशी आणखी एक ब्लाइंड वाढवा. मोफत चिप्सवर लोक त्यालाही कॉल करतात, तेव्हा तिथे आठपट केलेत तरी गिऱ्हाईक मिळेल. आणि हरलेले एक्के लक्षात राहतात, ब्लाइंड उचलून गेलेले राहत नाहीत, हेही लक्षात घ्या.

प्रश्न : विलेपार्ल्यातील शिक्षिका आहे. टक्केवारीचे गणित मला येते, पण ऑनलाइन खेळात निर्णयाला काही सेकंदच मिळतात. तेवढ्यात २५० भागिले ८२५ कसे करायचे?

उत्तर : भागाकार करायचाच नाही. बेट पॉटच्या तुलनेत केवढी आहे तेवढे पाहा आणि पाच-सहा उत्तरे पाढ्यासारखी पाठ ठेवा. बेट पाव पॉट असेल तर कॉलला सुमारे १७ टक्के लागतात, तृतीयांश असेल तर २०, अर्धा पॉट २५, दोन तृतीयांश २९, पूर्ण पॉट ३३, दुप्पट ४०. मधल्या आकारांना मधली संख्या धरली तरी चालते. एक-दोन टक्क्यांच्या फरकाने बिघडेल असा निर्णय मुळातच काठावरचा असतो आणि त्यात कोणतीही बाजू घेतली तरी फारसे जात नाही. या आकड्यांत लक्षात येण्यासारखी गोष्ट अशी, की बेट अर्ध्या पॉटवरून दुप्पट पॉटवर, म्हणजे चौपट झाली, तरी गरज २५ वरून ४० वरच जाते. रक्कम पाहून छाती धडधडते त्या मानाने हा फरक लहान आहे. ही गरज कधीच ५० टक्क्यांना पोहोचत नाही, म्हणून आपण बहुधा हरलोच आहोत असे वाटत असतानाही कॉल योग्य असू शकतो.

सेकंद वाचवायचे असतील तर टक्के आधी ठरवू नका, खेळाडू आधी ठरवा. आपली पाळी येण्यापूर्वीच, दुसऱ्यांचे डाव चालू असताना, टेबलावरचा कोण पाने झाल्याशिवाय बेट लावत नाही आणि कोण कशावरही लावतो, हे मनात नोंदवून ठेवलेत तर बेट समोर येईपर्यंत निम्मा निर्णय झालेला असतो. मग पाढ्यातला आकडा फक्त पडताळणीला लागतो. अनेक अॅपवर प्रत्येक खेळाडूच्या नावाखाली छोटी टीप लिहून ठेवायची सोय असते. तेथे ‘रिव्हरला रेझ, तिकडी दाखवली’ एवढे चार शब्द लिहून ठेवले, तर पुढच्या वेळी त्याच खेळाडूच्या रेझला उत्तर द्यायला आपल्याला दोन सेकंदही लागणार नाहीत.